चाळीस तुळशी

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरला भाऊ वेणीमाधव माझ्या अगदी उलट. तो बोलायचा थोडं आणि वेद म्हणायचा दिवसभर. शुक्ल यजुर्वेदाचे चाळीस अध्याय वडिलांकडून त्याच्याकडे आले. माझ्याकडे आले नाहीत, कारण अकराव्या वर्षी मी पाठशाळा सोडली आणि हट्टानं दुसऱ्या शाळेत नाव घातलं. तो काशीत रामघाटावरच्या घरात राहिला. मी एका इंटर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागलो आणि विद्यापीठाच्या बाजूला भाड्यानं राहू लागलो. लग्न केलं नाही. माझ्याशी कोण करणार, असं वहिनी म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

दर रविवारी मी रामघाटावर जेवायला जायचो. प्रेमलावहिनी वाढायच्या, दादा मुकाट्यानं जेवायचा आणि मी दोघांचं डोकं खायचो. एका रविवारी दादा म्हणाला, "तू मुलांना प्राणवायू शिकवतोस म्हणे. आमच्याकडे प्राण पाच आहेत. तुझा कुठला?"

"माझा हंडीत दाखवता येतो," मी म्हणालो. "तुझे पाचही दाखव, मी पुन्हा पाठशाळेत येऊन बसतो."

ते चौऱ्याण्णव सालचे मे महिन्याचे दिवस होते. कॉलेजला सुट्टी होती. मी प्रयोगशाळेतल्या दोन मोठ्या काचेच्या हंड्या रिक्षात घालून रामघाटावर नेल्या. चौकात दोन पाट मांडले. एका हंडीखाली नुसती मेणबत्ती, दुसरीखाली मेणबत्ती आणि वहिनींच्या तुळशीची एक कुंडी. दोन्ही मेणबत्त्या पेटवल्या, हंड्या पालथ्या घातल्या, कडेला ग्रीस फासलं. थोड्या वेळात दोन्ही विझल्या. पाठशाळेतले विद्यार्थी जमले होते, ते हसायला लागले. मी म्हणालो, पाच दिवस थांबा.

पाच दिवस हंड्या चौकातल्या उन्हात होत्या. काशीतलं मे महिन्याचं ऊन, फरशीवर पाय ठेववत नव्हता. सहाव्या दिवशी मी भिंग घेऊन गेलो. हंडी न उचलता, काचेतून, भिंगानं ऊन गोळा करून मेणबत्तीच्या काळ्या वातीवर धरलं. पहिल्या हंडीत नुसता धूर निघाला. तुळशीच्या हंडीत वात धुमसली आणि मग ज्योत धरली. फार वेळ टिकली नाही, पण सगळ्यांनी पाहिली. दादानं पाहिली आणि तुळशीला हात जोडले.

"म्हणजे आपण टाकलेली हवा ही घेते," तो म्हणाला, "आणि आपल्याला लागणारी परत देते."

"आता कसं बोललास," मी म्हणालो. "मेणबत्ती आणि माणूस, दोघांचा हिशेब एकच. दोघंही तीच हवा खातात आणि तीच हवा टाकतात."

"एका माणसाला असे किती गमले, किती कुंड्या लागतील, रत्ना?"

तो मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मनापासून विचारत होता. मी फुगलो. खरा आकडा मला ठाऊक नव्हता आणि ठाऊक नाही म्हणायची मला सवय नव्हती. "तुझे अध्याय चाळीस ना? मग चाळीस गमले ठेव," मी म्हणालो, "आणि खुशाल जन्मभर कोंडून घे."

विद्यार्थी पुन्हा हसले. दादा हसला नाही. त्यानं आकडा लक्षात ठेवला. ऐकलेलं न विसरणं हाच तर त्याचा धंदा होता.

मी त्या दिवशी सगळं सांगितलं, फक्त एक सांगितलं नाही. ते ऊन समोर फरशीवर पसरलेलं होतं, भिंगातून वातीवर पडत होतं, माझ्या टकलावर बसत होतं. इतकं समोर असलेलं कोणी वेगळं सांगतं का?

भाद्रपदात गणेशोत्सवाची वेदसभा झाली. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका घराच्या मोठ्या चौकात दरवर्षी व्हायची. दादानं सोळावा अध्याय सुरू केला. तो रुद्राचा अध्याय, काशीतल्या पोराटोरांनाही येतो. दोन गल्ल्या पलीकडे कोणीतरी भोंग्यावर सिनेमाची गाणी लावली होती. दादा अडखळला. मागच्या मंत्रापासून पुन्हा आला, पुन्हा तिथंच अडखळला. तिसऱ्यांदा अडखळला तेव्हा सभेतले सगळ्यांत वडील दत्तात्रेयशास्त्री हळूच पुढचा शब्द म्हणाले आणि दादाचा पाठ पुढे सरकला.  पण तीस वर्षांत त्याला कोणाचा शब्द घ्यावा लागला नव्हता. त्रिपुरी पौर्णिमेच्या पारायणात अग्रभागी बसायचा मान आमच्या घराकडे होता, आणि आता तो राहील की नाही याची कुजबुज त्याच संध्याकाळी सुरू झाली.

जिन्यात मी त्याला गाठलं. धीर द्यायचा होता, पण तोंडातून निघालं ते असं: "दादा, आता त्या भोंगेवाल्याचं शिष्यत्व पत्कर. पाठ त्याचा पक्का आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली उतरून गेला. त्यानंतर मी रविवारचा जेवायला गेलो नाही. माफी मागायला जायचं हे रोज ठरवत होतो.

आश्विन लागला. नवरात्रात पाठशाळेतला एक विद्यार्थी सायकलवर चिठ्ठी घेऊन आला. दादाचं अक्षर. 'तुझ्या गच्चीवरच्या दोन तुळशी दोन दिवसांसाठी पाठव.' एवढंच. मी त्याला विचारलं, कशाला? तो म्हणाला, गुरुजी अनुष्ठानाला बसणार आहेत, रामघाट आणि मंगला गौरी इथल्या घराघरातून तुळशी मागवल्या आहेत. मला वाटलं, पूजेची आरास असेल. चिठ्ठीत माझी चौकशी नव्हती म्हणून मी रुसलो होतो. दोन कुंड्या सायकलच्या मागे बांधून दिल्या आणि दार लावलं. किती जमवल्यात, एवढं जरी विचारलं असतं.

त्यानं काय ठरवलं होतं ते मला मागाहून वहिनींकडून कळलं. चाळीसही अध्याय, आधी संहिता म्हणजे सलग पाठ आणि मग पदं म्हणजे एकेक शब्द सुटा करून, एका बैठकीत, आसन न सोडता म्हणायचे. सूर्योदयाला सुरुवात, दुसऱ्या सूर्योदयाला समाप्ती. समोर दोन समया, पाच-पाच वातींच्या. त्या अखंड तेवल्या पाहिजेत. विझल्या तर अनुष्ठान मोडलं. असं केलं म्हणजे पाठ स्वच्छ झाला आणि सभेला तोंड दाखवायला मोकळा, हा त्याचा त्यानंच घातलेला नेम. आणि कानावर बाहेरचा एक शब्द पडता कामा नये. नवरात्रात काशीत अशी जागा एकच होती, आमच्या घराची घाटाकडची दगडी खोली.

ती खोली दोन जिने उतरून आहे. आठ फूट लांब, सहा रुंद, सरळ उभं राहिलं तर डोकं छताला लागतं. तिला नदीच्या बाजूला एक खिडकी आहे. अठ्ठ्याहत्तरच्या पुरात त्या खिडकीतून पाणी घरात शिरलं, तेव्हापासून दर आषाढात मिस्त्री येऊन ती विटा-चुन्यानं पक्की बुजवतो आणि कार्तिकात पुन्हा फोडतो. आश्विनात ती बुजलेलीच होती. राहिलं दार. दाराच्या फटीत दादानं आतून कापूस कोंबला. बाहेरून वहिनींनी त्याच्या सांगण्यावरून घाटावरचा गाळ लिंपला.

"जीव घुसमटेल तुमचा," वहिनी त्याला म्हणाल्या होत्या.

"तुळशी आहेत ना," तो म्हणाला होता. "चाळीस आहेत. रत्नानं सांगितलंय."

वहिनी वरच्या पायरीवर बसून राहिल्या. दगडातून अगदी बारीक गुणगुण येत होती. दुपारी केव्हातरी ती थांबल्यासारखी वाटली, मग पुन्हा आली. तिन्हीसांजेला घाटावरचे भोंगे सुरू झाले आणि कानाला काही लागेना. दार मधे उघडायचं नाही, असं त्यानं त्यांना शपथ घालून सांगितलं होतं. त्या उघडायच्या नाहीत हेही त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला, दार वाजवलं तरी आतून आवाज आला नाही, तेव्हा त्यांनी मला बोलवायला माणूस पाठवला. मी पोचलो तेव्हा उन्हं घाटाच्या पायऱ्यांवर उतरली होती. जिना उतरताना वहिनींनी मला सगळं सांगितलं आणि चाळीस हा आकडा ऐकल्याबरोबर मी उरलेल्या पायऱ्या धावत उतरलो. गाळ वाळून कडक झाला होता. मी तो पहारीनं फोडला आणि दाराला खांदा दिला.

आतून जी हवा आली ती जड, कोंदट, उबट होती. एक पाऊल आत टाकलं आणि छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. वहिनी पुढे येत होत्या, त्यांना मी मागे ढकललं. दार सताड उघडं ठेवून थोडा वेळ थांबलो. खरं तर थांबायची काही गरज नव्हती. दादा आसनावरच होता, पुढे वाकलेला, कपाळ जमिनीला टेकलेलं. अंग कधीच गार पडलं होतं.

दोन्ही समया विझलेल्या होत्या. दोन्हींत तूप काठोकाठ होतं. आणि समयांच्या पायाशी काड्या पडल्या होत्या, आगपेटीच्या काड्या, अख्खी पेटी संपलेली. मी एक उचलली. तिचं नुसतं डोकं जळलं होतं, लाकूड कोरं होतं. दुसरी उचलली, तीही तशीच. साऱ्या तशाच. डोक्यावरचं औषध आपल्या अंगच्या जोरावर भडकतं, पण लाकडाला धरायला हवा लागते. ती त्या खोलीत उरली नव्हती. अंधारात बसून तो एकेक काडी ओढत होता, ती फुस्स करून विझत होती, आणि आपलं कुठं चुकतंय ते त्याला कळत नव्हतं. उठून दाराला लाथ घातली असती तर तो वाचला असता. पण आसन सोडायचं नव्हतं.

भिंतीच्या कडेनं चाळीस तुळशी ओळीनं मांडलेल्या होत्या. हिरव्यागार होत्या. एक पानही गळलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. उपाशीपोटी बैठक, पन्नाशीचं वय, कोणालाच त्यात नवल वाटलं नाही. मी एक काडी खिशात टाकली होती. ती घेऊनच मणिकर्णिकेवर गेलो. दादाला मूल नव्हतं, अग्नी मीच दिला.

चिता धडाडून पेटली आणि मला खोलीचं गणित सुटलं. आठ गुणिले सहा गुणिले सहा. दहा वाती मिळून एका माणसाच्या दुप्पट-तिप्पट हवा खातात. त्यात तो मोठ्यानं म्हणत होता, म्हणजे श्वास जास्त. दुपारच्या आसपास समया गेल्या असतील, रात्र पडताना तो गेला असेल. आणि तुळशी? पान हवा साफ करतं ते उन्हाच्या बळावर. समईचा उजेड त्याला पुरत नाही. अंधारात तुळससुद्धा आपल्यासारखाच श्वास घेते, चांगली हवा ओढते आणि वाईट सोडते. त्या चाळीस जणी त्या बंद खोलीत दिवसभर त्याच्याच वाटणीची हवा खात होत्या. हे मी अकरावीच्या वर्गाला पंधरा वर्षं शिकवत होतो. परीक्षेत विचारतोही.

समोर आंब्याचं लाकूड जळत होतं. झाडानं आयुष्यभर हवेतून जे घेतलं ते लाकूड होऊन राहिलं होतं, ते आता पुन्हा हवेत निघालं होतं, आणि त्याच्याबरोबर माझा भाऊही. ते कुठंतरी, कुठल्यातरी पानात, पुन्हा जमा होणार. हे शिकवताना मला नेहमी आनंद व्हायचा, मुलांना फळ्यावर गोल बाण काढून दाखवायचो. त्या दिवशी मला त्या गोलाचा राग आला. माझा दादा त्यात कुठंच दिसत नव्हता.

तेराव्याला दत्तात्रेयशास्त्री आले. चांगला माणूस. रडवेल्या आवाजात म्हणाले, "तूप असताना समई विझते ती उगीच नाही हो. सोवळ्यात कुठंतरी उणं राहिलं असणार." ते मला म्हणाले, पण स्वयंपाकघराच्या दाराआड वहिनी उभ्या होत्या.

सगळे गेल्यावर त्या बाहेर आल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "भावजी, गमले मी उचलून खाली नेले होते. विद्यार्थी आणून टाकून गेले, ओळीनं मीच मांडले. माझा चौथा दिवस होता असं मी धरून चालले. आता मोजते तर तिसरा येतो." मग त्या म्हणाल्या, "तुळशीला माझा विटाळ झाला. म्हणून तिनं दिलं नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. काडी अजून माझ्या खिशात होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "असं काही नसतं वहिनी, मनाला लावून घेऊ नका." बस्स. ज्याची जीभ कधी आवरली नाही तो मी, नेमका तिथं गप्प बसलो. भ्यायलो होतो. डॉक्टर हृदय म्हणतोय, शास्त्री सोवळं म्हणतायत, माझं नाव कोणीच घेत नाही, तर आपण होऊन कशाला घ्यायचं, असा विचार मी केला. असला नीच विचार मी दुसऱ्या कोणाचा ऐकला असता तर त्याची सालं काढली असती.

कार्तिकात पुन्हा रामघाटावर गेलो. दाराबाहेर गल्लीत बायका आपापल्या तुळशीपुढे दिवे लावत होत्या. आमच्या चौकात त्या चाळीस कुंड्या तशाच पडल्या होत्या. ज्यांच्या होत्या त्यांनी परत नेल्या नव्हत्या. त्या खोलीतली तुळस कोणाला नको होती. माती भेगाळली होती, पानं माना टाकून होती. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. महिन्याभरात निम्म्या झाल्या होत्या, एकभुक्त राहत होत्या. गल्लीतल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला तर नाहीच, पण साध्या कीर्तनालाही बोलवत नव्हत्या.

"पाणी का घालत नाही?" मी विचारलं.

"मी हात लावत नाही तिला," त्या म्हणाल्या. "तुम्ही ह्या गंगेत सोडून या, भावजी. बघवत नाही."

त्या निर्जीव आवाजानं मला लाज आणली. मी विहिरीचं पाणी काढून चाळीसही कुंड्यांना घातलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून त्याच दोन हंड्या घेऊन आलो.

पुन्हा दोन पाट, दोन मेणबत्त्या. या वेळी तुळस दोन्ही हंड्यांखाली ठेवली, त्यातल्या त्यात तरतरीत दोन कुंड्या निवडून. मेणबत्त्या विझल्या. "एक इथं उन्हात राहील," मी म्हणालो. "दुसरी अंधारात ठेवायची. कोठीत ठेवू?"

वहिनींनी खाली जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं. "तिथंच ठेवा," त्या म्हणाल्या.

खालच्या खोलीची खिडकी त्या वर्षी मिस्त्रीला कोणी फोडायला सांगितली नव्हती. मी पाटासकट हंडी खाली नेली आणि दार ओढून घेतलं.

कार्तिकातलं ऊन मवाळ, म्हणून आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी दुपारी भिंग घेऊन आलो. वहिनी ओसरीवरून उठून चौकात आल्या, मेमध्ये दादा उभा होता तिथंच उभ्या राहिल्या. उन्हातल्या हंडीवर भिंग धरलं. ठिपका वातीवर ठरेना. शेवटी वात धुमसली आणि ज्योत आली, लहानशी. वहिनींच्या तोंडून श्वास बाहेर पडला.

मग खालची हंडी वर आणली. आतली तुळस पिवळी पडली होती. भिंग धरलं. धूर निघाला. पुन्हा धरलं, पुन्हा धूर. वात काही धरेना. मी खिशातली काडी काढून त्यांच्या पुढे धरली, तिचं जळकं डोकं आणि कोरं लाकूड दाखवलं आणि सगळं सांगितलं. ऊन नसेल तर तुळस काही देत नाही, उलट घेते. कोणी शिवलं म्हणून नाही, कोणताही दिवस असो. चाळीस हा आकडा मी गंमतीत फेकला होता. उन्हाचं मी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे माझ्यामुळं नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाही. माझ्यामुळं."

त्यांनी काडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता रडतील, किंवा मला बोलतील. बोलायला हव्या होत्या.

"हे तुम्हाला कधी कळलं, भावजी?"

खोटं बोलायची सोय होती. "त्याच दिवशी," मी म्हणालो. "दार उघडलं तेव्हाच."

"म्हणजे तेराव्याला, मी तुम्हाला सांगितलं तेव्हा, तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"आणि नंतरचा हा सगळा महिना."

"हो, वहिनी."

 वाकून त्यांनी त्या हंडीची कड धरली. ग्रीसमुळं ती चिकटली होती, जोर लावून उचलली आणि बाजूला ठेवली. पिवळी पडलेली तुळस दोन्ही हातांत घेतली. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी तुळशीला हात लावला होता. चौकाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीपाशी ऊन अजून होतं, तिथं ती नेऊन ठेवली, तांब्यातलं पाणी घातलं.

"हिचं काय चुकलं होतं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी हंड्या पुसल्या, रिक्षा बोलावली. जाताना दारापाशी थांबून म्हणालो, वहिनी, येतो.  पुढच्या रविवारी मी गेलो, तेव्हा चौकात चाळीसही कुंड्या पाणी घातलेल्या होत्या आणि ओसरीवरच्या दाराला आतून कडी होती. मी दार वाजवत बराच वेळ उभा होतो.